पंधरा महिन्यांच्या पदवीआधीचे वर्ष

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र सविस्तर आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. इतर वाचकांसाठी त्यातला मुद्दा थोडक्यात सांगते. तुम्ही २००९ साली शिवाजी विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. प्रथम श्रेणीत केलीत, सांगलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीन वर्षे नोकरी केलीत आणि लग्नानंतर न्यू जर्सीत एडिसनला आलात. दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड हाती आल्यापासून नर्सिंगचा विचार तुमच्या मनात घोळतो आहे. अडतिसाव्या वर्षी पुन्हा चार वर्षे कॉलेजात घालवण्याची तयारी नाही, म्हणून आधीची पदवी जमेस धरून साधारण वर्ष-सव्वा वर्षात बी.एस.एन. (नर्सिंगची पदवी) देणाऱ्या ॲक्सिलरेटेड, म्हणजे कमी वेळात पुऱ्या होणाऱ्या, अभ्यासक्रमांना येत्या जानेवारीत अर्ज करायचे तुम्ही ठरवले आहे. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पहिला भाग सध्या चालू आहे, बाकी विषय 'होतील तसे' करायचे आहेत. घरी बारा आणि आठ वर्षांची मुले आहेत, आणि यजमानांची नोकरी आयटीतली आहे.

माझा सल्ला असा आहे की जानेवारीत अर्ज करू नका. त्याच्या पुढच्या फेरीत करा. हे वाचून तुमचा हिरमोड होईल याची मला कल्पना आहे, कारण पत्रातली प्रत्येक ओळ 'आता आणखी उशीर नको' असेच म्हणते आहे. परंतु हे अभ्यासक्रम पंधरा महिन्यांत संपतात ते केवळ एवढ्यासाठी, की विज्ञानाचे सगळे पायाभूत विषय विद्यार्थ्याने स्वतःच्या वेळात, स्वतःच्या खर्चाने आधीच उरकलेले असतात. ते वर्ष कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते, मात्र प्रवेश मिळेल की नाही आणि मिळाल्यावर टिकाल की नाही, हे बहुतांशी त्याच वर्षात ठरते.

हा प्रकार नवा नाही. सेंट लुईस विद्यापीठाने १९७१ साली असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला आणि आज तो अमेरिकेत जवळजवळ सर्वत्र आहे. ड्रेक्सेलसारखे विद्यापीठ तो अकरा महिन्यांत पुरा करते, रटगर्समध्ये पंधरा महिने लागतात, आणि काही ठिकाणी दीड वर्ष. (भारतातल्या वाचकांसाठी सांगते: आपल्याकडे अशी वाट नाही. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचे असले तरी ते जी.एन.एम. (नर्सिंगची पदविका) झालेल्यांसाठी आहे, दुसऱ्या शाखेच्या पदवीधराला चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग किंवा तीन वर्षांचे जी.एन.एम. पहिल्यापासूनच करावे लागते.)

आता तुमच्या पदवीकडे येते, कारण तुमच्या बाबतीत खरी गाठ तिथे आहे. 'दुसरी पदवी' म्हणायला पहिली पदवी अमेरिकेतल्या बॅचलर्सच्या तोडीची आहे असे कुणीतरी लिहून द्यावे लागते, आणि आपली बी.एस्सी. तीन वर्षांची असते. डब्ल्यू.ई.एस. किंवा ई.सी.ई. यांसारख्या मूल्यमापन संस्था हे काम करतात. तीन वर्षांच्या भारतीय पदवीबाबत प्रत्येक संस्थेचे निकष सारखे नाहीत. शिक्षणसंस्थेचे नॅक मानांकन आणि विद्यार्थ्याची श्रेणी यांवर निकाल फिरू शकतो. एका संस्थेने पूर्ण पदवी मानली आणि दुसरीने तीन वर्षांचे पदवीपूर्व शिक्षण मानले, असेही घडते. शिवाय प्रत्येक नर्सिंग स्कूल ठरावीक संस्थांचेच अहवाल स्वीकारते, आणि काही स्कूलना पहिली पदवी अमेरिकेतलीच हवी असते. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी तुमच्या यादीतल्या प्रत्येक स्कूलच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करून तीन गोष्टी लेखी विचारा: भारतातली तीन वर्षांची पदवी चालते का, कोणत्या संस्थेचा अहवाल लागतो, आणि टोफेल किंवा आयईएलटीएसमधून सूट मिळते का. उत्तरे आल्यावरच मूल्यमापनाचे पैसे भरा, आणि भरताना 'कोर्स-बाय-कोर्स' अहवालच मागवा. नुसती पदवी ओळखून देणारा स्वस्तातला अहवाल येथे उपयोगी पडत नाही.

कोल्हापूरहून ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाची अधिकृत गुणनोंद) मागवण्याचे काम मात्र आजच कुणाकडे तरी सोपवा. गुणपत्रिकांच्या प्रती तुमच्याकडे असल्या तरी विद्यापीठाने मूल्यमापन संस्थेकडे परस्पर पाठवलेले कागदच ग्राह्य धरले जातात. तुमच्या काळातल्या गुणपत्रिकेवर विषयापुढे 'पेपर पाच', 'पेपर सहा' एवढेच छापलेले असेल, तर जुना अभ्यासक्रमही विद्यापीठाकडून किंवा कॉलेजकडून साक्षांकित करून घ्या. टक्केवारीची चिंता करू नका. आपल्याकडचे साठ-पासष्ट टक्के अमेरिकेतल्या साठ-पासष्टसारखे वाचले जात नाहीत, प्रथम श्रेणीचे रूपांतर बरेच चांगले होते.

तुम्ही विचारले आहे की लॅबमध्ये रोज ग्राम स्टेनिंग (जिवाणू रंगवून ओळखण्याचे काम) केलेल्या बाईने मायक्रोबायॉलॉजी पुन्हा का शिकावे. प्रश्न रास्त आहे, परंतु उत्तर बदलत नाही. बहुतेक स्कूल विज्ञानाचे विषय गेल्या पाच ते दहा वर्षांतले मागतात, आणि तुमचा विषय त्याहून जुना झाला. त्याकडे शिक्षा म्हणून पाहू नका. प्रवेशाच्या वेळी एकूण जी.पी.ए. (चारपैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी) इतकाच, कित्येकदा त्याहून जास्त, प्रीरिक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी पुरे करायच्या, विषयांचा जी.पी.ए. पाहिला जातो. किमान अट सहसा ३.० ची असते, पण जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ असल्यामुळे किमान अट पुरी करणारा अर्ज मागेच राहतो. जो विषय तुम्हाला झोपेतही येतो, त्यात 'ए' मिळवण्याची ही आयती संधी आहे.

तुमच्या सोयीने वेळापत्रक असे बसते: या सत्रात ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पहिला भाग, वसंत सत्रात दुसरा भाग आणि स्टॅटिस्टिक्स, उन्हाळ्यात मायक्रोबायॉलॉजी, आणि ज्या स्कूलला लागते तिच्यासाठी डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी आणि न्यूट्रिशन ऑनलाइन. केमिस्ट्री तुमची झालेली आहे, पण ती किती जुनी चालते हे त्याच ईमेलमध्ये विचारा. हे सगळे एडिसनमधल्याच मिडलसेक्स कॉलेजात करा. काउंटीतल्या रहिवाशाला तिथली फी विद्यापीठापेक्षा कितीतरी कमी पडते. एक पथ्य पाळा: ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन्ही भाग उन्हाळ्यातल्या सहा आठवड्यांच्या वर्गात कोंबू नका. तिथे 'बी-' किंवा 'सी+' आला तर तो पुसता येत नाही. विषय पुन्हा केला तरी कित्येक ठिकाणी दोन्ही गुणांची सरासरी धरतात.

प्रवेश परीक्षा काही ठिकाणी 'टीज' असते, काही ठिकाणी 'हेसी ए-टू', आणि काही ठिकाणी एकही नसते. टीजमध्ये २०९ मिनिटांत १७० प्रश्न असतात. वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी असे चार भाग. गणित आपल्याला जड जात नाही. आपली माणसे अडखळतात ती इंग्रजीच्या भागात, कारण ३७ प्रश्नांना ३७ मिनिटे मिळतात आणि स्वल्पविराम कुठे द्यावा यावर आपण आयुष्यात कधी भांडलेले नसतो. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा दुसरा भाग संपताच, विषय ताजा असताना ही परीक्षा द्या.

अर्ज बहुतेक ठिकाणी नर्सिंगकॅस या सामायिक पोर्टलवरून जातो. तिथे प्रत्येक विषय स्वतः टंकावा लागतो आणि मग त्याची पडताळणी होते, तीत काही आठवडे जाऊ शकतात. त्यामुळे शेवटच्या तारखेला पाठवलेला अर्ज हा उशिरा पाठवलेला अर्ज समजा. शिफारसपत्रांबद्दल आपल्याकडे हमखास गैरसमज असतो. सांगलीच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर शिक्का मारून दिलेले पत्र कितीही गौरवाचे असले तरी ते तुम्हाला स्वतः चढवता येत नाही. पोर्टल शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर दुवा पाठवते आणि त्यानेच तो उघडून भरायचा असतो. डॉक्टर हे करतील का, असे मोकळेपणाने विचारून घ्या. त्याहून वजनदार पत्र तुमच्या ॲनाटॉमीच्या प्राध्यापकांचे ठरेल. त्यासाठी त्यांना तुमचे नाव आणि चेहरा माहीत असायला हवा, म्हणजे त्यांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटण्याच्या ठरलेल्या वेळी, आतापासून जायला हवे. काही विचारायचे नसले तरी जा. शिक्षकांना प्रश्न विचारणे म्हणजे आपले अज्ञान दाखवणे, ही आपल्या शाळा-कॉलेजांतली भीती इथे सोडून द्या.

तुम्ही जोडलेला निवेदनाचा मसुदा वाचला. पहिला परिच्छेद काढून टाका. 'लहानपणापासून रुग्णसेवेची ओढ' हे वाक्य प्रत्येक अर्जात असते आणि निवड समिती ते वाचतच नाही. तिसऱ्या परिच्छेदात मात्र तुम्ही सासऱ्यांच्या आजारपणाविषयी दोन ओळी लिहिल्या आहेत: हार्ट फेल्युअरसाठी ते इथल्या रुग्णालयात असताना नर्स रोज सकाळी नाश्त्यापूर्वी, एकाच काट्यावर त्यांचे वजन घेत असे आणि एका सकाळी तीन पौंड वाढलेले दिसताच तिने डॉक्टरांना फोन केला. निवेदनाची सुरुवात इथून करा. एका दिवसात वाढलेले तीन पौंड चरबीचे नसतात, पाण्याचे असतात. रुग्णाला धाप लागण्याआधी ते काट्यावर दिसते, आणि ते टिपणे हे नर्सचे काम आहे. हे तुम्ही पाहिलेत आणि तुम्हाला समजले, एवढे लिहिलेत तरी नर्सिंग म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असल्याचे समितीला कळेल. लॅबमधली तीन वर्षे त्याला जोडून घ्या: तुमच्याकडे फक्त नळी आणि तिच्यावरचे लेबल यायचे, ज्याचे रक्त आहे तो माणूस कधी दिसायचा नाही. हा तुमचा खरा प्रवास आहे आणि तो पाचशे शब्दांत बसतो.

रुग्णाजवळचा अनुभव नसल्याची खंत तुम्ही व्यक्त केली आहे. सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करा. केंद्रीय नियमाने तो किमान ७५ तासांचा असतो, कित्येक राज्यांत त्याहून जास्त. त्यानंतर एखाद्या नर्सिंग होममध्ये शनिवार-रविवारी काही महिने काम करा. हे मी अर्जाला वजन यावे म्हणून सांगत नाही, जरी ते येतेच. दुसऱ्याचे अंग पुसणे, बेडपॅन देणे, चिडलेल्या म्हाताऱ्याचे ऐकून घेणे तुम्हाला जमते का, हे फी भरण्यापूर्वी तुमचे तुम्हालाच कळलेले बरे. क्लिनिकलला, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष सरावाला, विद्यार्थी घेऊन जाताना मी पाहते की ज्यांनी हे काम केलेले असते ते पहिल्या दिवशी रुग्णाच्या खोलीत सरळ आत जातात, आणि बाकीचे दारात घुटमळतात.

स्कूल निवडताना तीन गोष्टी पाहा. राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता, सी.सी.एन.ई. किंवा ए.सी.ई.एन. या संस्थांचे मानांकन, आणि पहिल्याच प्रयत्नात एनक्लेक्स (नर्सच्या परवान्याची परीक्षा) उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण. हे प्रमाण जाहीर असते. त्याच्या जोडीला जो आकडा सहसा जाहीर नसतो तो विचारा: ज्या तुकडीने प्रवेश घेतला तिच्यातले किती जण वेळेत पदवीधर झाले? निम्मी तुकडी वाटेत गळाली तर उरलेल्यांचा निकाल चांगला लागणारच. ज्या ठिकाणचे 'ॲडमिशन कौन्सेलर' तुम्हाला आठवड्यातून दोनदा फोन करून डिपॉझिटची आठवण करतात, तिथे हा प्रश्न आवर्जून विचारा आणि उत्तर किती फिरवून दिले जाते ते पाहा.

खर्चाबाबत तुम्ही फारसे लिहिलेले नाही, परंतु तो लहान नाही. खासगी विद्यापीठात नुसती फी पन्नास हजार डॉलरच्या पुढे सहज जाते, आणि त्या काळात तुमची कमाई शून्य असते, कारण नोकरी करून हा अभ्यासक्रम पुरा करणे जवळजवळ अशक्य आहे. पहिली पदवी असल्यामुळे पेल ग्रँट हे सरकारी अनुदान मिळत नाही. ग्रीन कार्ड असल्यामुळे फेडरल कर्जाला मात्र तुम्ही पात्र आहात, आणि नर्स कोअर या सरकारी योजनेच्या शिष्यवृत्तीलाही. ती फी भरते, दरमहा भत्ता देते आणि बदल्यात नर्सेसचा तुटवडा असलेल्या ठिकाणी किमान दोन वर्षे काम करावे लागते. एच-४ (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर असलेल्या वाचकांनी लक्षात घ्यावे की त्यांना पूर्णवेळ शिकता येते, पण यांतली कोणतीही मदत मिळत नाही आणि शिक्षण संपल्यावर वर्क परमिट नसेल तर नोकरीही करता येत नाही.

खर्चाच्याच कारणाने एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. कम्युनिटी कॉलेजातल्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला तुम्ही पत्रात 'त्यातल्या त्यात' म्हटले आहे. तिथून बाहेर पडणारी मुलगी तीच एनक्लेक्स देते आणि तेच आर.एन. (नोंदणीकृत नर्स) लायसन्स मिळवते. मोठी रुग्णालये बी.एस.एन.ला पसंती देतात हे खरे, आणि न्यूयॉर्कने २०१७ च्या कायद्याने नव्या नर्सेसना दहा वर्षांत बी.एस.एन. करणे सक्तीचे केले हेही खरे, पण ते नोकरी करता करता ऑनलाइन होते, आणि कित्येक रुग्णालये त्याची फी भरतात. तुमची पदवी मूल्यमापनात तोकडी ठरली तर हाच रस्ता तुमचा असेल. दोन ॲक्सिलरेटेड ठिकाणी अर्ज करा आणि तिसरा अर्ज इथे करा. प्रीरिक्विझिट विषय बरेचसे तेच लागतात.

प्रवेश मिळाल्यावर वर्ग सुरू होईपर्यंत काय वाचावे, असे तुम्ही विचारले आहे. जाड पुस्तके आधी वाचून काढू नका. औषधांच्या मात्रांचे गणित पक्के करा, कारण त्याच्या चाचणीत बहुतेक ठिकाणी नव्वद किंवा शंभर टक्के मिळवावेच लागतात, नाहीतर रुग्णाला औषध देऊ देत नाहीत. १००० मि.ली. सलाइन आठ तासांत द्यायचे आहे आणि सेटमधून एका मि.ली.चे १५ थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? तासाला १२५ मि.ली., म्हणजे मिनिटाला ३१.२५, म्हणजे ३१ थेंब. रुग्णाचे वजन पौंडांत दिले असेल तर आधी २.२ ने भागा. हे हात चालवत करता आले पाहिजे.

परीक्षेचे प्रश्न कसे असतात याचीही कल्पना असू द्या, कारण आपल्याकडचे हुशार विद्यार्थी नेमके इथे चक्रावतात. चार रुग्ण आहेत: शस्त्रक्रियेनंतर दुखणे दहापैकी आठ सांगणारा, सी.ओ.पी.डी. (फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेला आणि ऑक्सिजन ९० टक्के असलेला, साखर २०० असलेला, आणि कालच मांडीचे हाड मोडलेला, जो आज अचानक गोंधळल्यासारखा बोलतो आहे आणि ज्याला धाप लागते आहे. आधी कुणाकडे जाल? चौघांच्याही बाबतीत करण्यासारखे काहीतरी आहेच. परंतु सी.ओ.पी.डी.मध्ये ९० हा आकडा अपेक्षित असतो, साखर आणि दुखणे काही मिनिटे थांबू शकते, आणि चौथ्याला फॅट एम्बोलिझम (मोडलेल्या हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसांत अडकणे) झाला असण्याची शक्यता आहे. या प्रश्नात पाठांतराचा उपयोग थोडाच होतो. एनक्लेक्सही असाच आहे: उत्तरांनुसार प्रश्न बदलत जाणारा, किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्नांचा. अशा प्रश्नांची सवय पहिल्या सत्रापासून लावा.

आरोग्याची कागदपत्रे लवकर सुरू करा. लहानपणीच्या लशींची नोंद सापडत नसेल तर गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांच्या अँटिबॉडी टायटर (रक्तातली प्रतिकारशक्ती मोजणाऱ्या चाचण्या) करून घ्या; ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मची प्रत ठेवली असेल तर तीही काढा. हिपॅटायटिस बीची जुनी तीन डोसांची मालिका सहा महिने चालते, म्हणून ते शेवटावर ठेवू नका. आणि क्षयाच्या चाचणीसाठी त्वचेवरची टोचणी घेण्याऐवजी क्वांटिफेरॉन ही रक्तचाचणी मागा. आपल्या दंडावर बी.सी.जी.चा व्रण आहे, त्या लशीमुळे त्वचेवरची चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे आणि खुलासे यांत आठवडे जातात. रक्तचाचणीवर बी.सी.जी.चा परिणाम होत नाही.

घराविषयी. क्लिनिकलची शिफ्ट बारा तासांची असू शकते आणि सकाळी पावणेसातला हजर व्हावे लागते. रुग्णालय चाळीस मैलांवरचेही मिळते, ते आपण निवडत नाही. हायवेवर गाडी चालवायला भीती वाटते, असे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. मला ती तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ वाटली. जानेवारीच्या अंधारात टर्नपाइक हायवेवरून एकटीने जाता येईपर्यंत येत्या उन्हाळ्यात सराव करा, लागल्यास शिकवणी लावा. सासूबाई मदतीला येणार असतील तर व्हिजिटर व्हिसावर त्यांचा मुक्काम साधारण सहा महिन्यांचा धरावा लागतो आणि अभ्यासक्रम पंधरा महिन्यांचा आहे. ते सहा महिने पहिल्या सत्राला द्या, कारण गळती तिथे सर्वाधिक होते. उरलेल्या काळात सकाळचे डबे आणि शाळेची बस ही यजमानांची जबाबदारी असेल. ती 'मदत' म्हणून नको. कोणत्या दिवशी ते घरून काम करणार हे त्यांच्या ऑफिसशी आत्ताच बोलून ठरवायला सांगा.

शेवटचा प्रश्न तुम्ही कंसात विचारला आहे: एखाद्या विषयात नापास झाले तर? बहुतेक स्कूलमध्ये उत्तीर्णतेची रेषा ७५ टक्के किंवा त्याहून थोडी वर असते आणि ७४.९ चे ७५ होत नाहीत. एका विषयात अडकले की तो विषय पुन्हा लागेपर्यंत, म्हणजे पुष्कळदा पुढच्या तुकडीपर्यंत, थांबावे लागते. दुसऱ्यांदा अडकले तर सहसा नाव कमी होते. पुन्हा प्रवेशाचे नियम आणि त्या काळातल्या फीचे काय, हे विद्यार्थी हँडबुकमध्ये लिहिलेले असते. डिपॉझिट भरण्यापूर्वी ते हँडबुक मागून घ्या आणि ते पान यजमानांसोबत बसून वाचा.